वाचलेलं राहत नाही, गोळी लागू पडत नाही

स्मरणशक्तीबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि लांबलचक पत्रं आटोपशीर करून दिली आहेत.

प्रश्न : धडा चार-चार वेळा वाचतो, महत्त्वाच्या ओळी रंगवतो. वाचताना सगळं कळतं, पण दोन दिवसांनी पुस्तक मिटून बसलो की पाटी कोरी. माझी स्मरणशक्तीच कमी आहे का?
— पदवीच्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी

स्मरणशक्तीला दोष देऊ नका, दोष पद्धतीचा आहे. चौथ्या वाचनात मजकूर ओळखीचा झालेला असतो आणि ओळखीचं वाटलं की आपल्याला ते येतं असं वाटू लागतं. परीक्षेत मजकूर ओळखायचा नसतो. पुस्तक समोर नसताना तो डोक्यातून बाहेर काढायचा असतो, आणि नेमका त्याचाच सराव तुमच्या चार वाचनांत एकदाही झालेला नाही.

रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये हे फार सुटसुटीतपणे दाखवलं. विद्यार्थ्यांना उतारे दिले. काही उतारे त्यांनी दोनदा वाचले, काही एकदा वाचून मग न बघता आठवतील तसे लिहून काढले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा दोनदा वाचलेले उतारे थोडे जास्त आठवले. आठवड्यानंतर चित्र उलटलं : लिहून काढलेल्यातलं ५६ टक्के शिल्लक होतं, नुसतं दोनदा वाचलेल्यातलं ४२ टक्के. रात्री वाचून झोपताना ‘झालं तयार’ असं वाटतं ते त्या पहिल्या पाच मिनिटांच्या जोरावर.

आता हे करायचं कसं? दोन-तीन पानं एकदा नीट वाचा, पुस्तक मिटा आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा. अडलात तर लगेच पुस्तक उघडू नका, मिनिटभर अडूनच राहा. ही ओढाताण त्रासदायक असते, पण लक्षात राहण्याचं काम तिथंच होतं. मग पुस्तक उघडून राहिलेलं आणि चुकलेलं दुसऱ्या शाईनं भरा. कार्डं, म्हणजे एका बाजूला प्रश्न आणि उलट बाजूला उत्तर लिहिलेले छोटे कागद, बनवायची ती फक्त या दुसऱ्या शाईतल्या गोष्टींची. सगळ्या धड्याची कार्डं करणारे तिसऱ्या आठवड्यात कंटाळून सोडून देतात.

कार्ड कसं असावं ते एका उदाहरणानं पाहू. विषय आहे हृदयातलं रक्ताभिसरण. ‘हृदयाची माहिती लिहा’ हे कार्ड वाया गेलं, कारण त्याचं उत्तर बरोबर आलं की चूक हेच ठरवता येत नाही. ‘उजव्या निलयातून रक्त कुठं जातं?’ हे चांगलं कार्ड. उत्तर एका ओळीचं : फुप्फुस धमनीतून फुप्फुसांकडे. त्याला जोडून दुसरं : ‘धमनी असूनही तिच्यात ऑक्सिजन कमी असलेलं रक्त का?’ उत्तर : धमनी की शीर हे रक्ताच्या दिशेवरून ठरतं, ऑक्सिजनवरून नाही, हृदयापासून दूर नेते ती धमनी. ‘काय’च्या प्रत्येक कार्डाला असं एखादं ‘का’चं कार्ड जोडलं की सुट्या गोष्टी एकमेकींना धरून राहतात.

उजळणी वाढत्या अंतरानं करायची : दुसऱ्या दिवशी, मग चौथ्या, मग दहाव्या, मग महिन्याभरानं. एबिंगहाउस या जर्मन संशोधकानं १८८५ मध्ये निरर्थक अक्षरसमूह स्वतःच पाठ करून विसरण्याची मोजदाद केली होती. त्यात सर्वांत मोठी गळती पहिल्या तासाभरात आणि पहिल्या दिवसात झाली, पुढं तिचा वेग मंदावत गेला. म्हणून पहिली उजळणी लवकर आणि पुढच्या लांब लांब. परीक्षेची तारीख ठरलेली असेल तर एक ढोबळ हिशेब चालतो : परीक्षा जितकी दूर, त्याच्या दहा ते वीस टक्के अंतर दोन उजळण्यांत ठेवा. दोन महिने हाती असतील तर सहा ते बारा दिवस.

पुठ्ठ्याच्या पेटीला पाच कप्पे केले तरी भागतं. पुढचा कप्पा आधीच्याहून जास्त दिवसांनी उघडायचा. बरोबर आलेलं कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलेलं थेट पहिल्यात. सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये मांडलेली ही पद्धत आहे. आजची बहुतेक फ्लॅशकार्ड ॲप हेच गणित जरा बारकाईनं करतात.

यात बिघाड होतो तो तीन ठिकाणी. एक, उत्तर मनात पूर्ण उमटण्याआधीच कार्ड उलटलं जातं आणि ‘हां, हे येत होतं’ म्हणून पुढं ढकललं जातं. उत्तर मोठ्यानं बोला किंवा लिहा, मगच उलटा. दोन, हौसेनं रोज पन्नास नवी कार्डं घातली जातात. प्रत्येक कार्ड पुन्हा पुन्हा समोर येणार असतं, त्यामुळे रोज पंधरा-वीस नवी घातली तरी काही आठवड्यांत रोजची उजळणी शंभराच्या पुढं जाते. तीन, आठवडाभर खंड पडला की साठलेला ढीग बघूनच नको वाटतं. अशा वेळी नवी कार्डं बंद ठेवा, रोज ठरावीक वीस मिनिटं ढीग उपसा आणि तो संपल्यावरच पुढं चला.

रेघा मारायच्या तर मारा. त्यानं नुकसान काही नाही, फक्त तो अभ्यास नव्हे.

प्रश्न : मेंदूच्या खेळांचं एक ॲप आठ महिने रोज वापरते आहे. त्यातले गुण दुपटीहून वाढले, पण रोजच्या विसराळूपणात तसूभरही फरक नाही. अजून किती दिवस करावं?
— बँकेतून निवृत्त वाचक

त्या खेळात तुम्ही तरबेज झालात, एवढं मात्र खरं.

स्मरणशक्ती हा एक स्नायू आहे आणि कुठलाही व्यायाम केला तरी तो सगळीकडून बळकट होतो, ही समजूत इतकी सोयीची आहे की ती मोडायला जड जातं. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग याबाबत फार बोलका आहे. एका महाविद्यालयीन विद्यार्थ्यानं ऐकलेले अंक क्रमानं परत सांगण्याचा सराव वीस महिन्यांत सुमारे २३० तास केला. सुरुवातीला त्याला सात अंक जमत होते, शेवटी ७९ जमू लागले. मग त्याच्यापुढं अंकांऐवजी अक्षरं ठेवली, तर गाडी पुन्हा सहाच्या आसपास! तो धावपटू होता आणि अंकांचे गट तो शर्यतींच्या वेळा म्हणून लक्षात ठेवत होता. तयार झाली होती ती एक युक्ती. साठवण वाढलीच नव्हती.

मोठ्या प्रमाणावरही हेच दिसलं. २०१० मध्ये ११,४३० जणांच्या सहा आठवड्यांच्या ऑनलाइन चाचणीत लोक ज्या खेळांचा सराव करत होते त्यांत सुधारले, पण सराव न केलेल्या, अगदी जवळच्या चाचण्यांतही तो फायदा उतरला नाही. २०१६ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांचं हित पाहणाऱ्या सरकारी संस्थेनं असे खेळ विकणाऱ्या एका कंपनीकडून फसव्या दाव्यांबद्दल २० लाख डॉलर वसूल केले.

दुसरी बाजूही सांगायला हवी. पासष्टीपुढच्या २,८३२ जणांवरच्या ‘ॲक्टिव्ह’ या अमेरिकी अभ्यासात तर्काचं आणि नजरेनं झटपट ओळखण्याचं प्रशिक्षण घेतलेल्यांना त्या-त्या कौशल्यात दहा वर्षांनंतरही फायदा दिसला. स्मरणाचं प्रशिक्षण घेतलेल्यांचा फायदा मात्र तोवर विरून गेला होता. तेव्हा खेळ आवडत असेल तर खेळत राहा. औषध म्हणून खेळत असाल तर तेवढा वेळ दमदार चालण्याला द्या. त्याची बाजू जास्त भक्कम आहे, जरी तीही जाहिरातीत रंगवतात तितकी नाही : २०११ च्या एका प्रयोगात आठवड्यातून तीनदा चाळीस मिनिटं चालणाऱ्या ज्येष्ठांचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे नव्या आठवणी घडवणारा मेंदूचा भाग, वर्षभरात सुमारे दोन टक्क्यांनी वाढला, पण स्मरणाच्या चाचणीत नुसते ताणाचे व्यायाम करणारेही सुधारले होते.

प्रश्न : ‘स्मृतिमहाल’ची, म्हणजे लक्षात ठेवायच्या वस्तू मनातल्या मनात ओळखीच्या जागांवर ठेवण्याची, पद्धत खरंच चालते का? मी दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा यादी निम्मीच आठवली.

चालते, आणि या विषयातल्या सर्वांत भरवशाच्या गोष्टींपैकी ती एक आहे. २०१७ मध्ये जाहीर झालेल्या एका प्रयोगात साध्या लोकांना चाळीस दिवस, रोज अर्धा तास हीच पद्धत शिकवली. ७२ शब्दांच्या यादीतले पूर्वी तिसाच्या आतबाहेर आठवायचे, ते साठाच्या वर गेले आणि चार महिन्यांनंतरही बरेचसे टिकले. स्मरणस्पर्धांतले दिग्गजही बहुतेक याच वाटेचे. त्यांच्या मेंदूची ठेवण निराळी नसते.

तुमचं कुठं चुकत असेल ते पाहू. आधी ठिकाणं पक्की करायची असतात आणि ही पायरी लोक हमखास गाळतात. राहत्या घरातला एक ठरलेला रस्ता घ्या : दाराची कडी, चपलांचा कोनाडा, भिंतीवरचं घड्याळ, टेबल, खिडकी, असं करत दहा जागा. यादी हातात घेण्यापूर्वी डोळे मिटून हा रस्ता पुढून आणि मागून न अडखळता फिरता आला पाहिजे. सातवी जागा कोणती, हे विचारल्याबरोबर सांगता आलं पाहिजे. दोन खिडक्या किंवा दोन खुर्च्या घेऊ नका, गोंधळ होतो.

मग वस्तू ठेवायच्या. समजा पहिली वस्तू छत्री आणि दुसरी पावती. दाराशी छत्री ‘आहे’ एवढं मनात आणलं तर ती जाते. कडीतच ओली छत्री अडकली आहे, दार लोटलं की तिच्या काड्या कुरकुरतात आणि पाणी ठिबकून उंबऱ्यावर थारोळं साचलंय, असं बघितलं तर राहते. पावतीला कोनाड्यात नुसती ठेवू नका. एका चपलेत ती बोळा करून कोंबली आहे आणि पाय घातला की टोचते. वस्तूनं जागेला काहीतरी केलं पाहिजे : भिजवलं, अडवलं, टोचलं, जाळलं. निम्मी यादी गळते ती बहुधा शेजारी नुसत्या ठेवून दिलेल्या वस्तूंची. प्रत्येक जागेवर सुरुवातीला आठ-दहा सेकंद थांबा. घाई केली की चित्र अर्धवट राहतं.

दुसरी अडचण कालच्या भुतांची. त्याच घरात सकाळी एक यादी आणि संध्याकाळी दुसरी ठेवली की कडीला छत्रीही दिसते आणि नवी वस्तूही. निदान तीन वेगवेगळे रस्ते तयार ठेवा आणि आळीपाळीनं वापरा. एखादी यादी कायमची हवी असेल तर तो रस्ता तिलाच देऊन टाका, आणि वर सांगितलेल्या अंतरांनी त्यातून फेरी मारत राहा, कारण महालातली चित्रंही उजळणीशिवाय विरतात.

काही जणांना मनात चित्र दिसतच नाही. त्यात आजार काही नाही. त्यांनी जागा आणि वस्तू यांचं एक वाक्य बनवून ते मोठ्यानं म्हणावं. क्रम जागांमधून मिळतोच. आणि एक खुलासा : ही पद्धत याद्या, मुद्दे आणि क्रम यांसाठी आहे. संकल्पना समजून घ्यायला ती निरुपयोगी. गणिताचा सिद्धांत महालात ठेवणाऱ्याला तो लिहिता येईल, वापरता येणार नाही.

प्रश्न : आकडे आणि माणसांची नावं, दोन्ही अजिबात लक्षात राहत नाहीत. सोपा उपाय?

आकड्यांसाठी आपल्या लिपीत एक जुनी आणि देखणी सोय आहे : कटपयादि, म्हणजे व्यंजनांना अंक ठरवून आकड्याचा शब्द बनवणं. क पासून झ पर्यंत १ ते ९, ञ म्हणजे शून्य. ट पासून ध पर्यंत १ ते ९, न म्हणजे शून्य. प फ ब भ म म्हणजे १ ते ५. य र ल व श ष स ह म्हणजे १ ते ८. काना-मात्रेला किंमत नाही. जोडाक्षरात शेवटचं व्यंजन धरायचं. जुन्या ग्रंथांत अंक उजवीकडून डावीकडे वाचत, पण स्वतःपुरतं सरळ वाचायला हरकत नाही, फक्त एकच रीत कायम ठेवा.

समजा ५३२०८६ हा आकडा आहे. ५ साठी ङ, ण, म, श यांतलं एक, ३ साठी ग, ड, ब, ल यांतलं एक, २ साठी ख, ठ, फ, र यांतलं एक. ‘मगर’ जुळलं. ० साठी न, ८ साठी ज, द, ह, आणि ६ साठी च, त, ष. ‘नदीत’. झालं : मगर नदीत. पहिले दोन आठवडे शब्द जुळवायला वेळ लागतो आणि त्यापेक्षा घोकलेलं बरं असं वाटतं. तक्ता तोंडात बसला की मग गंमत येते.

नावं अवघड का, याला कारण आहे. समोरचा माणूस सुतारकाम करतो असं ऐकलं की रंधा, भुसा, लाकडाचा वास असं सगळं मागोमाग मनात येतं. त्याचं आडनाव सुतार आहे असं ऐकलं तर मागं काहीच येत नाही, कोरा आवाज येतो. तोच शब्द, पण धागे नाहीत. ते आपणच बांधायचे. नाव नीट ऐकू आलं नसेल तर तिथंच पुन्हा विचारा, कारण निम्मी नावं आपण विसरत नाही, मुळात ऐकतच नाही. एकदा नाव घेऊन बोला. नावातून निघणारं चित्र चेहऱ्याच्या न बदलणाऱ्या खुणेला जोडा : भुवया, हनुवटी, कान. चष्मा आणि दाढी नको, दोन्ही बदलतात. निरोप घेताना एकदा आणि रात्री झोपण्यापूर्वी एकदा ते नाव आठवून पाहा.

प्रश्न : ब्राह्मी, गिंको, ओमेगा-३, अश्वगंधा असं सगळं एकत्र असलेली कॅप्सूल घ्यावी का? मुलाची स्पर्धापरीक्षा आहे, आणि मलाही हल्ली विसरायला होतं.
— एक पालक

एकत्र असलेली तर नकोच. सगळं एकदम घेतलं आणि फरक पडला, तर कशानं पडला ते कळत नाही. पोट बिघडलं तर कशानं बिघडलं तेही कळत नाही. शिवाय अशा कॅप्सुलच्या वेष्टनावर बरेचदा ‘मिश्रण ५०० मिलिग्रॅम’ एवढंच असतं. त्यात कशाचा वाटा किती, हे लिहिलेलंच नसतं.

आता एकेक पाहू. ब्राह्मीबद्दलचा पुरावा यांत त्यातल्या त्यात बरा आहे. चाचण्यांत साधारणपणे रोज ३०० मिलिग्रॅम प्रमाणित अर्क बारा आठवडे दिला गेला. फायदा दिसला तो शिकलेलं नंतर आठवण्यात, म्हणजे गळती थोडी कमी होण्यात. तो छोटा आहे, प्रत्येक चाचणीत दिसलेला नाही आणि चाचण्याही लहान आहेत. परीक्षेच्या पंधरा दिवस आधी सुरू करून हाती काही लागणार नाही. मळमळ, पोटात मुरडा आणि वारंवार शौचाला होणं हे नेहमीचे त्रास, म्हणून जेवणानंतर घ्यायची. अर्क आणि नुसती पूड यांत गल्लत करू नका : ३०० मिलिग्रॅम पूड म्हणजे ३०० मिलिग्रॅम अर्क नव्हे. आणखी एक घोळ नावाचा आहे. ‘ब्राह्मी’ म्हणून दोन वेगळ्या वनस्पती विकल्या जातात, बाकोपा मोनिएरी आणि मंडूकपर्णी, म्हणजे सेंटेला एशियाटिका. वरच्या चाचण्या बाकोपाच्या आहेत. वेष्टनावर शास्त्रीय नाव नसेल तर ती बाटली खाली ठेवा.

गिंकोचा प्रश्न बराचसा निकाली निघाला आहे. ७५ वर्षांवरच्या ३,०६९ जणांना सुमारे सहा वर्षं, दिवसातून दोनदा १२० मिलिग्रॅम गिंको किंवा निष्क्रिय गोळी दिली गेली. २००८ मध्ये निष्कर्ष आला : स्मृतिभ्रंश टळला नाही. वॉर्फरिनसारखी रक्त पातळ करणारी औषधं किंवा ॲस्पिरिन चालू असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो, तो वेगळाच. ओमेगा-३ हृदयासाठी डॉक्टरांनी दिलं असेल तर घ्या, पण निरोगी माणसाची स्मरणशक्ती त्यानं वाढते असं चाचण्यांत दिसलेलं नाही. अश्वगंधेबाबत यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत आणि थायरॉइडच्या औषधांशी तिचं जमत नाही. डोळे पिवळे किंवा लघवी गडद दिसली तर त्याच दिवशी बंद करून डॉक्टरांकडे जा.

साध्या मल्टिव्हिटामिनबद्दल २०२३ मध्ये साठीपुढच्या साडेतीन हजार जणांच्या चाचणीचा निकाल बऱ्यापैकी गाजला. फायदा दिसला, हे खरं. तो शब्दांच्या यादीत सरासरी एका शब्दाइतकाही नव्हता, हे मथळ्यांत आलं नाही.

तरीही करून बघायचंच असेल तर मोजून बघा. एकमेकांशी संबंध नसलेल्या पंधरा-पंधरा शब्दांच्या दहा याद्या दुसऱ्या कुणाकडून करून घ्या. एक यादी दोन मिनिटं वाचायची, अर्धा तास दुसरं काम करायचं, मग आठवतील ते शब्द लिहायचे. गोळी सुरू करण्याआधी तीन वेगळ्या दिवशी तीन याद्या करून सरासरी काढा. बारा आठवड्यांनंतर, त्याच वेळेला आणि तेवढ्याच झोपेनंतर पुन्हा तीन. एकच यादी परत वापरली तर वाढलेले गुण त्या यादीच्या सरावाचे असतील. सरासरीत दोन शब्दांचाही फरक नसेल तर बाटली संपली की विषय संपला.

मुलाला काहीच देऊ नका. त्याला पहिल्या प्रश्नाचं उत्तर वाचायला द्या. आणि ऑनलाइन मिळणाऱ्या ‘नूट्रोपिक’, म्हणजे बुद्धी तल्लख करतात म्हणून विकल्या जाणाऱ्या, गोळ्यांपासून लांब ठेवा : अमेरिकेत तपासलेल्या अशा काही उत्पादनांत परवानगी नसलेली औषधं मिसळलेली सापडली आहेत.

प्रश्न : वय ५४. मधुमेहासाठी नऊ वर्षं मेटफॉर्मिन चालू आहे, मी शाकाहारी आहे. विसरभोळेपणा वाढला, तळपायांना मुंग्या येतात. बी-१२ तपासलं, १८६ आलं. ओळखीचे म्हणतात, चांगलं टॉनिक घे.

टॉनिक घेऊ नका, डॉक्टरांकडे जा, आणि ते पुढच्या महिन्यात नको, याच आठवड्यात. या अंकातलं हे एकच पत्र असं आहे जिथं पूरक औषधानं स्मरणात खरोखर फरक पडू शकतो.

साधारणपणे २०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खालचा आकडा कमतरतेचा मानतात आणि २०० ते ३०० हा संशयाचा पट्टा. तुमच्याकडे कारणंही एकाहून अधिक आहेत : बी-१२ नैसर्गिकरीत्या प्राणिजन्य पदार्थांतच मिळतं, आणि दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेतल्यानं आतड्यातलं त्याचं शोषण घटतं. आम्लपित्तावरच्या ओमेप्राझोलसारख्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू असतील तर त्यांचाही हातभार लागतो. तळपायांच्या मुंग्या मधुमेहामुळेही येऊ शकतात, म्हणून दोन्ही कारणं डॉक्टरांपुढं ठेवा. मेटफॉर्मिन आपल्या मनानं बंद करू नका.

मज्जातंतूंची लक्षणं असताना बहुधा आधी इंजेक्शनं देतात. पुढं रोज १,००० मायक्रोग्रॅमची गोळी चालते. रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅमची असताना एवढी मोठी गोळी का, असं वाटेल. नेहमीची शोषणाची वाट बंद असली तरी तोंडावाटे घेतलेल्यापैकी सुमारे एक टक्का आपोआप झिरपतो, म्हणजे १,००० मधले दहा. टॉनिकमधले पाच-दहा मायक्रोग्रॅम अशा वेळी कुठंच पुरत नाहीत. दुसरा धोका नुसत्या फोलिक ॲसिडचा. त्यानं रक्तक्षय सुधारतो, रिपोर्ट सुधारल्यासारखा दिसतो आणि आत मज्जातंतूंची हानी चालूच राहते.

सुधारणेचा वेगही माहीत असू द्या. रक्ताचं चित्र साधारण दोन महिन्यांत सुधारतं, मुंग्या आणि विसरभोळेपणा यांना तीन ते सहा महिने किंवा जास्तही लागतात. कमतरता जितकी जुनी, तितकी भरपाई अपुरी. चौथ्या इंजेक्शननंतर ‘काही फरक नाही’ म्हणून सोडून देणारे इथंच फसतात. ज्यांनी अजून तपासणी केलेली नाही त्यांनी आधी गोळ्या सुरू करू नयेत. रक्तातला आकडा लगेच वर जातो आणि मूळ स्थिती झाकली जाते. केसांसाठी बायोटिनची मोठी मात्रा घेत असाल तर तेही सांगा, त्यानं थायरॉइडसकट काही तपासण्यांचे आकडे चुकतात.

प्रश्न : चष्मा, किल्ल्या, मोबाइल दिवसातून चारदा शोधते. वय ४५. ही स्मृतिभ्रंशाची सुरुवात तर नव्हे?

नव्हे. किल्ल्या ठेवताना तुमचं लक्ष फोनवर होतं, त्यामुळे मेंदूत नोंदच झाली नाही. जे लिहिलंच नाही ते पुसलं कसं जाईल? किल्ल्यांना एक खिळा ठरवा. त्यासाठी स्मरणशक्ती खर्च करायचं कारण नाही.

प्रश्न : आई ६८ वर्षांची आहे. तोच प्रश्न तासाभरात तीनदा विचारते. वय झालं म्हणून सोडून द्यावं का?

सोडून देऊ नका. नाव वेळेवर न सुचणं आणि नंतर आठवणं वयानुसार चालतं. तोच प्रश्न पुन्हा विचारणं, आधी विचारल्याचं आठवतच नसणं, ओळखीच्या रस्त्यावर चुकणं, पैशांचे नेहमीचे व्यवहार न जमणं, यासाठी तपासणी हवी. आणि हा गोंधळ काही तासांत किंवा दोन-चार दिवसांत एकाएकी सुरू झाला असेल तर ती तातडीची गोष्ट आहे : जंतुसंसर्ग, सोडियम घटणं, नवं औषध, डोक्याला मार.

जाताना आईची सगळी औषधं पिशवीत भरून न्या, दुकानातून परस्पर आणलेलीसुद्धा. सर्दीच्या गोळ्यांतलं क्लोरफेनिरामिन, झोपेसाठी घेतलं जाणारं डायफेनहायड्रामिन, नैराश्यावरचं ॲमिट्रिप्टिलिन, लघवीच्या घाईवरचं ऑक्सिब्युटिनिन ही औषधं आठवणीसाठी लागणाऱ्या ॲसिटिलकोलिन या मेंदूतल्या रसायनाच्या आड येतात. अल्प्राझोलाम, लोराझेपाम यांसारख्या चिंतेवरच्या गोळ्या नव्या आठवणी बनण्यातच अडथळा आणतात, पण त्या एकदम थांबवल्या तर झटके येऊ शकतात, म्हणून डॉक्टरांच्या सांगण्यानुसार हळूहळूच कमी करायच्या. थायरॉइड, बी-१२, रक्तातली साखर आणि सोडियम तपासून घ्या. नैराश्य, झोपेत श्वास अडकणं आणि बहिरेपण यांचीही चौकशी व्हायला हवी. ऐकू कमी येणं लोक फार सहज घेतात. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची जी चौदा टाळता येण्याजोगी कारणं मांडली, त्यांत ते वरच्या क्रमांकावर आहे.

डॉक्टरांपुढं आईला एकटीला बोलू देऊ नका. आपण काय विसरलो हे विसरलेल्याला सांगता येत नाही. गेल्या महिन्यातले चार-पाच प्रसंग तारखेसह लिहून न्या.

प्रश्न : परीक्षेच्या आदल्या रात्री कॉफी पिऊन जागणं कितपत योग्य?

कॉफीनं डोळे उघडे राहतात, आठवणी पक्क्या होत नाहीत. त्या पक्क्या होतात झोपेत. झोपण्याच्या सहा तास आधी घेतलेल्या ४०० मिलिग्रॅम कॅफिननंही झोप तासाभराहून जास्त घटल्याचं प्रयोगात दिसलं आहे. अकरा वाजता पुस्तक मिटा.

प्रश्न : रक्तदाबाची गोळी सकाळी घेतली की नाही, हेच दुपारी आठवत नाही. कधी दोनदा घेतली जाते.

रोजची गोळी घेण्याच्या आठवणी एकमेकींसारख्या असतात. कालची कोणती आणि आजची कोणती, हे मेंदूला वेगळं काढता येत नाही. याला मनाचा कुठलाही व्यायाम नको, सात कप्प्यांचा डबा हवा. तो आठवड्याच्या ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी भरा. गोळी आधीपासूनच्या न चुकणाऱ्या कृतीला बांधा आणि ते वाक्य स्वतःशी स्पष्ट म्हणा : ‘दात घासून ब्रश ठेवला की डबा उघडायचा.’ ‘सकाळी आठवणीनं घेईन’ हा संकल्प टिकत नाही, कारण त्यात नेमका क्षण नाही. डबा ब्रशशेजारीच दिसला पाहिजे. कपाटात ठेवलेला डबा आणि न घेतलेली गोळी सारखीच.

शंका आली की दुसरी गोळी घेऊन टाकू नका. रक्तदाबाची, मधुमेहाची आणि रक्त पातळ करणारी औषधं दुप्पट झाली तर ती चुकण्यापेक्षा जास्त धोक्याची ठरू शकतात. एक मात्रा चुकली तर काय करायचं, हे प्रत्येक औषधासाठी वेगळं असतं. पुढच्या भेटीत एकेका औषधाचं विचारून घ्या आणि ते कागदावर लिहून डब्याच्या झाकणाला आतून चिकटवा.